वालाच्या वेलाचा काठ

माझी बायको अहेव गेली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला आमच्याकडे भाग्याची म्हणतात. मौतीला आलेल्या बाया माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सोनं झालं वो तिचं, कुकवानं गेली." माझ्या तोंडात आलं होतं ते चार माणसांत बोलण्यासारखं नव्हतं. सोनं झालं म्हणे. सकाळी उठून रिकाम्या चुलीकडे बघावं लागतं, ते कोणाचं सोनं?

मी चौथी शिकलो आणि भिवंडीत पॉवरलूमवर लागलो. लिहायची सवय नाही. एकच मुलगी, वज्रेश्वरीला दिलेली. ती म्हणाली, "बाबा, येईल त्याला तेच तेच सांगता. एकदा लिवून टाका, म्हंजे सुटाल." सुटणार नाही हे तिलाही माहीत आहे. ऐकून ऐकून कंटाळली बिचारी. तरी लिहितो.

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत एका शेठच्या कारखान्यात मी आयुष्य काढलं. आधी लूम चालवले, मग जॉबर झालो, म्हणजे बिघडलेले लूम नीट करणारा. लूमच्या खडखडाटात कान गेले. आमच्यातल्या सगळ्यांचेच जातात. म्हणून कारखान्यात कोणी तोंडाने बोलत नाही, हाताने बोलतात. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं एकमेकांपासून झटक्याने लांब केली की धागा तुटला. मूठ खाली दाबली की लूम बंद कर. आणि डाव्या हातावर उजव्या हाताची चार बोटं आडवी ठेवली की काठ, साडीचा काठ.

बायको त्याच कारखान्यात कांड्या भरायला आली. आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. तिच्याशी माझी ओळख अशी हातानेच झाली. लग्नाआधी आम्ही जे काही बोललो ते खुणांनी, आणि लग्नानंतरही निम्मं तसंच. तिचं तोंड चालायचं, पण मला ऐकू येत नाही म्हणून तोंडाच्या जोडीला हातही चालायचा. भांडताना तर दोन्ही हात. शेजारीण म्हणायची, "तुमचं भांडान बघायला बरं वाटतं, नाच चाललाय असं."

तिचा हात चित्रात चांगला होता. शेठचा डिझाइन काढणारा माणूस गावी गेला तो परत आला नाही, तेव्हा शेठने तिला बसवलं. आधी चौकटींचा कागद असायचा. एक चौकट म्हणजे एक धागा. चौकटी रंगाने भरत जायचं, मग त्या चित्रावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आणि ती कार्डं लूमच्या डोक्यावर चढवली की खाली काठात कोयरी नाहीतर मोर उमटायला लागतो. पुढे कॉम्प्युटर आला आणि तिने कागद सोडला. सातवी शिकलेली बाई, पण महिन्याभरात उंदीर असा फिरवायला लागली की शेठ म्हणाला, "भाभी, अब तो आप हमारी नौकरी नहीं करतीं, हम आपकी करते हैं."

मग एक दिवस तो कॉम्प्युटर मेला. कारखान्यात कापसाचा तूस उडतो, तो नाकात जातो तसा कॉम्प्युटरच्याही नाकात जातो. शेठने नवा आणला. पण नव्यावर तिचा डिझाइनचा प्रोग्रॅम चढेना. तो जुन्या काळचा, त्याला जुनंच घर पाहिजे. कारखान्याच्या वर एका बाईंचा कॉम्प्युटर क्लास होता, सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या दुरुस्तीलाही यायच्या. त्यांनी दोन दिवस खटपट करून काहीतरी केलं, आणि माझी बायको त्या संध्याकाळी घरी आली ती एकदम खुशीत.

"आज मशीनच्या पोटात मशीन घातली," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"जुन्याच्या पोटातलं होतं नव्हतं ते सगळं काढून मॅडमनं एक फाइल केली. आख्खा कॉम्प्युटर एका फायलीत. आता नवा चालू केला की त्यात एक खिडकी उघडते, आनि खिडकीत जुना जागा व्हतो. तोच आवाज, तोच पडदा. आपुन मेलोय हे त्याला ठावकीच न्हाय."

"म्हंजे भूत."

"भूत तुमचं त्वांड. सुनेनं सासूला पोटात घेतलीय असं समजा."

"मग सुनेचं काय खरं न्हाय."

ती हसली. हसताना पदर तोंडावर घ्यायची. दात पुढे होते म्हणून. मला त्या दातांचं कधी काही वाटलं नाही, पण तिला सांगायचं राहिलं.

त्या फायलीची ती फार काळजी घ्यायची. तिची इतक्या वर्षांची कामं त्यात होती. मॅडमने तिला नक्कल कशी करायची ते शिकवलं होतं आणि ते ती मला भाकरी थापता थापता सांगायची. मला त्यात काही घेणं नव्हतं, पण ती सांगायची म्हणून ऐकायचो, ऐकायचो म्हणजे बघायचो. आतली मशीन आधी नीट बंद करायची. नुसती खिडकी मिटायची नाही, आतून बंद करायची. "चालत्या लूमवरला कापडाचा ताका कापतंव का आपुन? तसंच." मग तिचं सगळं खोकं, म्हणजे फोल्डर, उचलायचं, आतली एकही फाइल मागे ठेवायची नाही. आणि नक्कल झाली की उघडून बघायची. नुसती उघडते का ते नाही, आज केलेलं काम तिच्यात आहे का ते बघायचं. तोवर अस्सलला हात लावायचा नाही.

"एवढं तर मी तुला लग्नात पारखून घेतलं न्हाय," मी म्हणालो.

"म्हनून तर फसलाव."

त्यानंतरच्या पावसाळ्यात भिवंडीत लाइटचे फार हाल होते. मॅडमला त्या आतल्या मशीनमध्ये काहीतरी नवीन घालायचं होतं, बिघडलं तर काय म्हणून त्यांनी आधी त्या मशीनचा फोटो काढला. फोटो हा त्यांचा शब्द. बायकोने मला समजावलं ते असं: फोटो काढला त्या दिवशी मोठी फाइल होती तशी गोठली. आता तिला कोणी शिवत नाही. त्या दिवसानंतर जे काम करू ते बाजूच्या एका बारक्या फायलीत जातं. मशीन चालू केली की दोन्ही मिळून एक दिसतात, करणाऱ्याला कळतही नाही. बिघडलं तर बारकी टाकून द्यायची, की मशीन फोटोच्या दिवसावर परत. नाही बिघडलं तर मॅडम सवडीने बारकी मोठीत मिळवून टाकणार.

"म्हंजे तुजं आताचं काम समदं चिंधीत," मी म्हणालो.

चिंधी म्हणजे आमच्याकडे ताक्याच्या शेवटी उरलेला, फाटका, आखूड तुकडा. ताका घडी घालून गोदामात जातो आणि चिंध्या झाडून पोत्यात. पोतं भरलं की चिंधीवाला किलोवर घेऊन जातो. कारखान्यातली ही रोजची रीत, डोळे मिटून करायची.

"चिंधी न्हाय," ती म्हणाली. "शेवटला वार हाय ताक्याचा. अजून लूमवर हाय म्हनून बारका दिसतो."

मॅडमची सवड काही झाली नाही. आधी त्यांचा क्लास, मग गणपती, मग दिवाळी. आणि दिवाळीनंतर आमच्याच घरात ते सगळं सुरू झालं.

तिच्या पोटात दुखायचं. दोन वर्षांपासून दुखत असणार, पण बाई बोलली नाही. आधी भिवंडीत दाखवलं, मग ठाण्याला. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, मला ऐकू आलं नाही, त्याने परत मोठ्याने सांगितलं आणि ते बाहेर बाकावर बसलेल्या तिने ऐकलं. असं आमचं. आमच्या टेमघरला रिक्षातून उतरल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर चांगला होता. आवाज खणखणीत."

औषधं सुरू झाली. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी ती कारखान्यात जायची. मी नको म्हणायचो. ती जायची. आमच्या कुंपणावर वालाचा वेल होता, दरवर्षी तीच लावायची. त्या थंडीत तो असा फुलला होता की कुंपण दिसत नव्हतं. जांभळी फुलं, कडेला कोवळ्या चपट्या शेंगा. एका सकाळी तिने त्यातला एक तुरा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत घातला.

"कारखान्यात पूजा हाय का?" मी विचारलं.

"मला काठ काढायचाय. आजवर शेठनं सांगितले ते मोर काढले, कोयऱ्या काढल्या. मोर कुठं बघितला मी? वाल बघितलाय."

"कोन नेसनार वालाची साडी?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "मी अहेव जानार," ती म्हणाली. "पितरपाटात नवमीला माजं जेवन घालाल तुमी. सवाष्णीला साडी द्यावी लागंल. दुकानातली आनून द्याल, कसली तरी चट्ट्यापट्ट्याची, मला म्हाईत हाय तुमची निवड. ती साडी माजी पायजे. काठ मी काढते, विनायची तुमी."

मी तिला शिवी दिली. ती मला न रागावता कामाला गेली.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अहेव गेलेल्या बाईचं जेवण पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, अविधवा नवमीला असतं. त्या दिवशी एका सवाष्णीला बोलावून जेवू घालतात, ओटी भरतात, साडी देतात. ती सवाष्ण जेवली की आपली बाई जेवली. नवरा आहे तोवर हे करायचं. नवरा गेला की ते जेवणही बंद.

काठाचं काम तिने थंडीभर केलं. एक दिवस जायची, चार दिवस झोपून काढायची. शेठ तिला खुर्चीत उशी द्यायचा. ती मला घरी आल्यावर सांगायची, आज पान झालं, आज शेंग झाली, शेंगेतले दाणे वरून दिसले पाहिजेत ते जमत नाही. सूत कोणतं ते तिनेच शेठला सांगून ठेवलं होतं. अंग साधं, न रंगवलेलं, आणि काठाला वालाच्या फुलाचा जांभळा.

पुढे ठाण्याच्या दवाखान्यात तिच्या तोंडावर नळी लावली. बोलता येईना. नर्स म्हणाली, बोलू नका, खुणा करा. आम्हाला काय, आम्ही जन्मभर तेच केलं. शेवटी शेवटी एकदा तिने डावा हात पांघरुणातून बाहेर काढला, त्यावर उजव्या हाताची चार बोटं आडवी ठेवली आणि मान हलवली. काठ झाला. मी मूठ दाबून दाखवली, म्हणजे आता बंद कर, निज. ती निजली. आणखी काही दिवस होती, पण खुणा करण्याइतकी ती त्याच दिवशी शेवटची होती.

ती गेली तेव्हा वालाचा वेल वाळून गेला होता. कुंपणावरून मी तो ओढून काढला आणि बिया डब्यात भरल्या.

शेठ तेराव्याला आला होता. मी त्याला नवमीचं सांगितलं. तो म्हणाला, "भाभी का आखरी काम है, भाऊ. बीम मैं बनवाता हूँ, कार्ड भी मैं कटवाता हूँ. लूम आप चलाना." बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, लूमच्या मागे बसतो. त्याने शब्द पाळला. पावसाळ्याच्या आधीच बीम आलं. मधे न रंगवलेलं सूत आणि दोन्ही कडांना चार चार बोटं जांभळं. मी त्यावर हात फिरवून पाहिला. रंग बरोबर होता. तिने शेठला फडक्यातलं फूल दाखवलं असणार.

कार्डं तेवढी राहिली होती. तेवढ्यात शेठने आणखी एक नवा कॉम्प्युटर घेतला आणि आधीचा आपल्या हिशेबाला वरच्या ऑफिसात न्यायचं ठरवलं. मॅडमने नव्यावर ती खिडकी उघडणारा प्रोग्रॅम बसवून दिला आणि फोनवर शेठला सांगितलं, जुन्या मशीनचं सगळं खोकं जसंच्या तसं उचला. शेठने खोकं उघडलं. आत एक मोठी फाइल आणि बाजूला बारकीसारकी, लांबलचक नावांची. शेठ तीस-चाळीस वर्षं ताके मोजत आलेला माणूस. त्याच्या हाताने जे गोदामात केलं असतं तेच इथं केलं. ताका उचलला, चिंध्या झाडल्या.

आणि त्याने ते निष्काळजीपणे केलं असंही नाही. मोठी फाइल त्याने नव्या कॉम्प्युटरवर घेतली. माझ्यासाठी म्हणून तीच एका लहान काळ्या डबीत घातली, बाहेरून जोडायची डिस्क. "भाभी की पूरी मेहनत इसमें है, घर पे रखो." मी ती पितळेच्या डब्यात, वालाच्या बियांशेजारी ठेवली. मग त्याने नव्यावर मशीन चालू करून पाहिली. चालू झाली. तोच आवाज, तोच पडदा, मोर, कोयऱ्या, रुईफूल, सगळं जागच्या जागी. मग त्याने जुना कॉम्प्युटर, त्यातल्या तिच्या नकलांसकट, धुऊन पुसून हिशेबाला लावला.

श्रावण संपता संपता मी कारखान्यात गेलो. तिच्या जागी नवीन डिझाइनवाला बसला होता, सोलापूरचा. म्हणालो, वालाचा काठ काढा, कार्डं कापायची आहेत. त्याने शोधलं. परत शोधलं.

"काका, असं काही नाही यात."

"नीट बघा. वाल नाव असेल."

"गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून मी येईपर्यंतचं यात काहीच नाही. त्यांनी काम सोडलं होतं का?"

मी त्याला म्हणालो, तुझ्या बापाने सोडलं असेल. मग शेठला हाक मारली, शेठने मॅडमला. मॅडम खाली आल्या, पडद्याकडे बघितलं, शेठला विचारलं, "सगळं खोकं आणलंत ना?" शेठ म्हणाला, "जो काम का था, सब लाया. वो छोटी-मोटी चिंदी छोड़ दी." मॅडम खुर्चीत बसल्या आणि तोंडावर हात ठेवला. तेव्हा मला बायकोचं बोलणं आठवलं, भाकरी थापतानाचं. मॅडमने सांगायच्या आधी मला कळलं होतं.

ही मशीन फोटोच्या दिवसावर परत गेली होती. तिला आजार माहीत नव्हता. दिवाळी माहीत नव्हती. ठाण्याचा दवाखाना, नळी, काही नाही. या मशीनमध्ये माझी बायको धडधाकट होती आणि पुढच्या आठवड्यात कुठला मोर काढायचा ते ठरवत होती.

शेठ उभा होता तिथंच खाली बसला. मोठा माणूस, चार कारखान्यांचा मालक, लूमच्या तेलकट फरशीवर. "भाऊ," एवढंच म्हणाला. मी त्याला उठवलं नाही. रागाने नाही. मला उठवायचं सुचलं नाही.

मॅडम म्हणाल्या, अजून एक मार्ग आहे. पुसलेल्या डिस्कवरून कधी कधी फाइल परत उचलता येते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. त्यांनी आधी हिशेबाचा कॉम्प्युटर बंद करायला लावला, म्हणाल्या, आता याच्यावर एक अक्षर लिहू नका. त्या आख्ख्या डिस्कची एक नक्कल घेतली आणि शोध त्या नकलेवर केला, अस्सलवर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी फाइल सापडली.

"सापडली?" मी दोनदा विचारलं. ऐकू आलं नाही म्हणून नाही.

"सापडली काका. पण एक अडचण आहे. बारकी ही मोठीच्या फोटोच्या दिवशीच्या अंगावर बेतलेली असते. इथली मोठी तर सगळ्यांनी चालवली, या डिझाइनवाल्यांनी नवीन डिझाइनं काढली. तिचं अंग बदललं. आता ही तिला बसणार नाही. ती मोठी जशीच्या तशी, कोणी न उघडलेली, पाहिजे होती."

"न उघडलेली माज्याकडं हाय," मी म्हणालो.

शेठने मान वर केली.

"डब्यात हाय. वालाच्या शेजारी. माज्याकडं कॉम्प्युटर कुठला उघडायला?"

टेमघरला जाऊन यायला शेअर रिक्षा लागते. जाताना मी रिक्षात तीन माणसांबरोबर बसलो, येताना ती काळी डबी तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर धरली आणि शेजारच्याला म्हणालो, जरा सरकून बसा. तो म्हणाला, "चाचा, काय अंडी हायेत का?" मी म्हणालो, हो. धामणकर नाक्याला रिक्षा अडकली, नेहमीसारखी, कापडाचे टेम्पो एकात एक घुसलेले. मी उतरून चालत गेलो. इतक्या वर्षांत मी कधी देवाला काही मागितलं नव्हतं, त्याला सवय नव्हती माझी. त्या दिवशी मागितलं.

मॅडमने डबीतल्या फायलीचीही आधी नक्कल केली आणि डबी मला परत दिली. म्हणाल्या, "ही तुमच्या हातात ठेवा. जे करायचं ते नकलेवर." मग मोठी आणि बारकी एकाच खोक्यात शेजारी ठेवल्या, काहीतरी लिहिलं, आणि मशीन चालू केली. शेठ, सोलापूरचा डिझाइनवाला, मी, तिघे मागे उभे. लूम त्या दिवशी शेठने बंद ठेवायला सांगितले होते. कारखाना गप्प असला की मला कसंतरी होतं, आपणच मेल्यासारखं.

पडदा निळा झाला. आवाज आला. तो मला ऐकू आला नाही, शेठच्या चेहऱ्यावरून कळला. मॅडमने तिच्या कामाची यादी उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. मोर. कोयरी. रुईफूल. मग थांबल्या.

"वाल," त्या म्हणाल्या. "काका, आहे. नाव आहे."

इंग्रजी अक्षरं, मला वाचता येत नाहीत. तरी ती मी पाहिली. तिनेच एकेक बटण शोधून दाबलेली.

मॅडमने त्यावर उंदीर दाबला. पडद्यावर एक चौकट आली, फाइल उघडत नाही अशी. त्यांनी ती मिटली, परत दाबलं. परत चौकट. तिसऱ्यांदा मशीन जागच्या जागी थिजली.

त्यांनी नवीन नक्कल करून सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळपर्यंत करत होत्या. तेच. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या आणि मोठ्याने, हळूहळू बोलल्या, मला ओठ वाचता यावेत म्हणून. नाव राहिलंय. आतलं जिथं होतं तिथं शेठच्या हिशेबाचे आकडे बसलेत. फाइली परत काढणाऱ्या मोठ्या ठिकाणी पाठवलं तरी येणार नाही, कारण आता तिथं ते नाहीच.

मी विचारलं, "थोडं पन न्हाय? एक पान?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या रडत होत्या. त्या माझ्या बायकोला मावशी म्हणायच्या आणि ती त्यांच्यासाठी शुक्रवारी बोंबलाची चटणी न्यायची.

शेठ म्हणाला, सोलापूरवाला वालाचा वेल काढून देईल, फूल आणून द्या. मी म्हणालो, भाद्रपदात वालाला फूल नसतं. फूल थंडीत येतं. आणि आलं असतं तरी त्याने काढलेला वाल त्याचा. त्याचा हात चांगला असेल, मला त्याचं काय करायचं?

"तो फिर मोर डाल दें? भाभी का ही है."

"मोर तिनं बघितला न्हवता," मी म्हणालो.

नवमी तोंडावर आली होती. मी स्वतः लूमवर बसलो. शेठचे कामगार म्हणाले, चाचा आप रहने दो, पण मी बसलो. बीम चढवलं, जॅकार्डचं डोकं काढून ठेवलं, कार्डं नाहीत तर डोकं कशाला. धोटा पळायला लागला. साधं पांढुरकं अंग पुढे यायला लागलं आणि दोन्ही कडांना चार चार बोटं जांभळा रंग. त्यावर पान नाही, शेंग नाही. नुसता रंग. मी मधे मधे लूम थांबवून त्यावर बोटं ठेवत होतो. शेजारच्या लूमवाल्याला वाटलं धागा तुटला, त्याने दोन बोटं झटकून विचारलं. मी मान हलवली. नाही तुटला.

नवमीला मुलगी आली, तिने स्वयंपाक केला. वालाची डाळिंबी उसळ केली, कुंपणावरच्याच बियांची. मी काही बिया पेरायला बाजूला काढून ठेवल्या. सवाष्ण म्हणून शेजारीण आली, आमचं भांडण बघायला आवडायचं ती. तिला पाटावर बसवलं, मुलीने ओटी भरली, साडी मांडीवर ठेवली. तिने घडी थोडी उलगडली, काठ बघितला, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे.

"इतका रुंद काठ आनि कोराच?" ती म्हणाली. "काय काढनार व्हती का ती यावर?"

"हो."

"काय?"

मी कुंपणाकडे हात केला. तिथं अजून काही नव्हतं, नुसत्या काठ्या. तिने तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. साडी तशीच मांडीवर ठेवून ती जेवायला लागली. मुलगी वाढत होती. डाळिंबी शेजारणीने दोनदा मागून घेतली.

मी दारात बसून तिचं जेवण होईपर्यंत बघत राहिलो.